वास नसलेलं घर

फुकट ते पौष्टिक, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. पण नाशिकच्या त्या वस्तीत एके काळी फुकटच्या वस्तूला कुणी हात लावत नव्हतं, हे आज सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. भंगारवाल्यांनी लाकूड आणि गाद्या घेणं केव्हाच सोडलं होतं. मोठा कचरा उचलण्यावर कर बसला, तेव्हा लोकांनी टेबलं, कपाटं, खाटा गुपचूप रस्त्याच्या कडेला आणून ठेवायला सुरुवात केली. ज्याला हवं त्याने न्यावं. पण नेत कुणीच नव्हतं आणि त्याचं कारण एकच होतं, ढेकूण.

हेमांगी तांडेलला ढेकणांचा अनुभव होता. कॉलेजात असताना तिने रस्त्यावरची एक गुबगुबीत खुर्ची होस्टेलवर आणली आणि अख्ख्या मजल्याला जागरण घडवलं. मैत्रिणींनी पुढे वर्षभर तिला ऐकवलं. म्हणूनच असेल, पण रस्त्याकडेच्या वस्तू शोधून देणारं ॲप बनवायचं ठरलं तेव्हा नकाशा आणि फोटो यांवर तिचं भागलं नाही. वस्तू घरी न्यायच्या लायकीची आहे का, हे ॲपनेच सांगितलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता. ॲपचं नाव ठेवलं ‘दारापुढे’. कंपनी कौस्तुभची, डोकं हेमांगीचं.

फोनला नाक येऊन तोवर काही वर्षं झाली होती. गॅस गळतोय का, दूध नासलंय का, हे कळावं म्हणून ते बसवलेलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपवर वेगवेगळ्या रसायनांचे अतिसूक्ष्म पट्टे असतात. हवेतले वासाचे कण त्यांवर बसले की प्रत्येक पट्ट्यातून वाहणारी वीज जराशी बदलते, एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त. या सगळ्या बदलांची मिळून जी नक्षी तयार होते, ती त्या वासाची ओळख. ढेकणांनाही त्यांचा वास असतो, सडत आलेल्या कोथिंबिरीसारखा. हेमांगीने ॲपला तो शिकवला. मग बुरशीचा शिकवला, मग विषारी रंगांचा आणि लाकडाला लावायच्या औषधांचा. फोन वस्तूजवळ धरला की तीन दिवे लागायचे. तिन्ही हिरवे असले की बिनधास्त उचला.

लोकांनी अक्षरशः उचललं. वर्षभरात रस्त्याच्या कडा मोकळ्या झाल्या आणि हेमांगीचे फोटो छापून आले.

पण नाक हे नाक असतं, त्याला अमुकच हुंग आणि तमुक हुंगू नको असं सांगता येत नाही. लाकूड आणि कापूस वास धरून ठेवतात. वीस वर्षं स्वयंपाकघरात उभं असलेलं कपाट त्या घरातल्या फोडण्या, उदबत्त्या, औषधं, घाम सगळं पोटात साठवतं. हजारो वस्तू हुंगल्यावर यंत्राला आपोआप कळू लागलं की ही खुर्ची आणि परवाची ती उशी एकाच घरातली. हेमांगीला तेव्हा याचं कौतुकच वाटलं. एका वस्तूत ढेकूण निघाले तर त्याच घरातल्या दुसऱ्या वस्तूबद्दल आधीच सावध करता येईल, असा तिचा साधा हिशेब. तिने त्याला ‘घराचा ठसा’ असं नाव दिलं आणि ती नव्या कामाला लागली.

पुढचं काम लोकांनी केलं. त्यांना फुकटची वस्तू हवी होती, पण कुणाच्या घरची आहे हेही हवं होतं. काही घरांच्या वस्तू ते जवळ जाऊन हुंगायचे आणि पुढे निघायचे. ॲप हे बघत होतं आणि शिकत होतं. ज्यांना ज्या ठशाच्या वस्तू नको असायच्या, त्यांना त्या दिसेनाशाच झाल्या. ॲपमध्ये कुठे जात लिहिलेली नव्हती, धर्म लिहिलेला नव्हता, मासे हा शब्दसुद्धा नव्हता. तरी सगळं बिनचूक चालू होतं.

हेमांगीच्या हे लक्षात आलं ते यशोदा भोई यांच्या टेबलामुळे. यशोदाबाई हेमांगीच्या कॉलनीमागच्या बैठ्या घरांत राहायच्या आणि बाजारात मासे विकायच्या. त्यांनी कोपऱ्यावरच्या कट्ट्यापाशी शिसवी टेबल आणून ठेवलं होतं, चांगलं दणकट. ते तिथेच ऊन खात उभं राहिलं. हेमांगीने ऑफिसातून पाहिलं, तर ते टेबल कॉलनीतल्या एकाही फोनवर दिसत नव्हतं. ती तडक कौस्तुभकडे गेली.

कौस्तुभ वाईट माणूस नव्हता. त्याने तिला चहा पाजला आणि शांतपणे म्हणाला, “आपण कुणाला नको म्हटलंय का? लोकांना जे आवडत नाही ते आपण त्यांच्या डोळ्यांसमोर आणत नाही, एवढंच.”

ती भांडली. हा ठसा काढून टाकायचा, नाहीतर मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलेन, असंही म्हणाली. ती खरंच बोलली असती असं मला वाटतं. पण मीटिंगच्या आधी तिच्याकडे आबा आले.

आबा म्हणजे तिचे वडील, रायगडच्या किनाऱ्यावरच्या साखरपाट गावचे नाखवा. समुद्र आधी गावाच्या वाळूत आला, मग अंगणात, आणि एका पावसाळ्यात चुलीपर्यंत. सरकारने गाव उठवलं. लोक पांगले. आबांनी होडी मोडून तिच्या फळ्या सोबत घेतल्या होत्या. त्या फळ्यांचा त्यांनी पाळणा केला. साखरपाटात ही रीतच होती. जी होडी कधी बुडाली नाही, तिच्या लाकडाच्या पाळण्यात पोर घालायचं, म्हणजे त्याला पाण्याचं भय राहत नाही. हेमांगी चाळिशीला आलेली, लग्नाचं नाव नाही, तरी म्हाताऱ्याने पाळणा केला तो केलाच. पत्र्याची पेटी, जाळं, घोंगडी आणि जाळ्यात गुंडाळलेला तो पाळणा एवढं घेऊन ते तिच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. पेटीत सुके बोंबील होते. हेमांगीच्या गेलेल्या आईच्या हातचं शेवटचं उरलेलं म्हणून आबा ते खातही नव्हते आणि टाकतही नव्हते.

हेमांगीला त्या वासाने पहिल्या दिवशी रडू आलं. गेलेलं घर परत आल्यासारखं तिला वाटलं.

घरमालकीण सुलभाताई खाली राहायच्या. प्रेमळ बाई, थालीपीठ केलं की वर पाठवणार. आबांसाठी त्यांनी गुडघ्याचं तेलसुद्धा दिलं. त्याच सुलभाताई एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या, की कॉलनीने ठरवलंय, नवा करार करताना प्रत्येक भाडेकरूचं घर फोनने बघायचं. “माझं काही नाही हो, मला कसलाच त्रास नाही. पण वरच्या मजल्यावरचे ऐकत नाहीत.” आणि हसून त्यांनी भर घातली, “तुम्हाला काय काळजी? ॲप तुमचंच.”

आता हेमांगीला खरं तर संतापायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर आबा होते. एका घरातून समुद्राने उठवलेला माणूस दुसऱ्या घरातून माणसांनी उठवला, तर तो जगायचा नाही, अशी तिची खात्री झाली. त्यातून त्या शहरात आता एका ठिकाणी नाकारलेला ठसा दुसऱ्या ठिकाणीही नाकारला जायचा. जाणार कुठे? ठसा सगळ्यांसाठी काढायचा तर कौस्तुभशी, गुंतवणूकदारांशी, अख्ख्या शहराशी लढाई. स्वतःपुरता काढायचा तर दुपारभराचं काम.

तिने दुसरा रस्ता धरला.

रविवारी आबा नदीवर जाऊन बसले होते. पाणी दिसल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. हेमांगी फोन घेऊन घरभर फिरली. पेटी, जाळं, घोंगडी, आबांचे सदरे, गॅलरीतला पाळणा, एकेक वस्तू तिने हुंगवली आणि या सगळ्याची मिळून जी नक्षी झाली ती ॲपच्या मुळाशी नेऊन ठेवली. दुकानदार आधी रिकामं भांडं काट्यावर ठेवतो आणि काटा शून्यावर आणतो, मग त्यात काय घालायचं ते घालतो, तसंच हे. यापुढे कुठलाही फोन काहीही हुंगेल तेव्हा हा एवढा वास आधी वजा करेल. आबांचं घर म्हणजे ॲपच्या लेखी नुसती हवा.

सुलभाताई आल्या, फोन इकडेतिकडे फिरवला आणि कौतुकाने म्हणाल्या, “तुमच्याकडे अगदी कसलाच वास नाही हो. देवघरासारखं घर आहे.” करार झाला. हेमांगीने मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. स्वतःचं घर झाकल्यावर दुसऱ्याच्या घरासाठी भांडायला जीभ रेटत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तिला स्वतःची लाजही वाटली. पण आबा गॅलरीत बसून जाळं विणत होते, आणि त्यांच्याकडे पाहिलं की लाज गिळता यायची.

मग एक दिवस आबांनीच पाळण्याचा विषय काढला. रिकामा पाळणा घरात ठेवू नये, ते बरं नसतं. त्यांनी लेकीला टोचून काही म्हटलं नाही, फक्त कुणाच्या तरी पोराला होऊ दे, एवढंच म्हणाले. ती ऑफिसात असताना भर दुपारी त्यांनी तो खांद्यावर घेतला आणि कोपऱ्यावरच्या कट्ट्यापाशी ठेवून आले. नंतर गॅलरीतून बघत बसले. संध्याकाळी कॉलनीतलंच एक जोडपं आलं, यतीन आणि शर्वरी. शर्वरीला आठवा महिना चालू होता. तान्ह्या बाळाचं पहिलं काही नवं नसावं, दुसऱ्याच्या घरात वापरलेलंच असावं, असं तिची आई सांगायची. यतीनने फोन धरला. तीन हिरवे दिवे लागले. दोघांनी पाळणा उचलून नेला.

हेमांगी घरी आली तेव्हा आबांचा चेहरा उजळला होता. पोरगी पाळण्यावरून हात फिरवत होती, असं त्यांनी तिला दोनदा सांगितलं. हेमांगीलाही बरं वाटलं. दिव्यांचा विचार तिच्या मनात आला नाही.

बाळ जन्मलं, मुलगी. बारशाचे पेढे सगळ्या कॉलनीत वाटले गेले. त्यानंतर काही दिवसांतच तिला ताप भरला. भरमसाट घाम, भात्यासारखा श्वास. आधी दुधाचं कारण झालं, मग हवेचं. आईजवळ असली की मूल जरा सावरायचं, पाळण्यात घातलं की पुन्हा तेच. घरच्यांना वाटायचं, झोपवलं की आजार वाढतो. डॉक्टरांच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. लाकडाला कीड लागू नये म्हणून चोपडायचं एक जुनं औषध असतं. त्याच्या वाफा सुटतात आणि घामेजलेल्या कातडीतून ते अंगात मुरतं. मोठ्या माणसाला ते पचतं, तान्ह्याला नाही. मुलगी गेली.

शर्वरी बोलायची बंद झाली. यतीन मात्र एकच गोष्ट विचारत होता, पाळणा कुणाचा? त्याने फोन पाळण्याला लावला. ॲपने आबांचं घर इमानेइतबारे वजा केलं. मागे उरली ती लाकडात जास्तच मुरलेल्या सुक्या मासळीची जराशी खूण, आणि ॲपचा स्वभाव असा की उरलेल्यातून जवळात जवळचं घर दाखवायचं. नकाशावर ठिपका उमटला तो यशोदाबाईंच्या दारावर.

हेमांगीने ही बातमी ऑफिसात ऐकली. तिने दार लावून घेतलं, आपण केलेली वजाबाकी काढली आणि यतीनच्या फोनचं ते पहिलं हुंगणं पुन्हा तपासलं, गरोदर शर्वरी शेजारी उभी असतानाचं. विषाचा दिवा लाल झाला. घराच्या वासाबरोबर पाळण्याला चोपडलेल्या औषधाचा वासही तिने वजा करून टाकला होता. नाकाला पहिल्या क्षणी कळलं होतं. तिनेच त्याला गप्प बसवलं होतं. मग तिने वजाबाकी होती तशी परत ठेवली.

ती घरी आली तेव्हा आबा सदरा घालून दाराशी उभे होते. खालचा गलका त्यांच्या कानावर गेला होता. त्यांनी विचारलं आणि तिने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. पूर्वी साखरपाटात होडीला माशाचं तेल चोपडायचे. शेवटच्या होडीला मात्र आबांनी बाजारातलं औषध लावलं होतं, कीड हटत नव्हती म्हणून. आबा खाली बसले. बराच वेळ ते हातांकडे बघत राहिले. ती त्यांना सांगत राहिली, की गप्प राहिलो तर निभावेल. यशोदाबाईंना काही होणार नाही, फार तर खोली सोडावी लागेल, त्यांना मी दुसरी बघून देईन. तुम्ही बोललात तर आपल्याला या शहरात छप्पर उरणार नाही, आणि मी तर तुरुंगात जाईन.

“बाय,” आबा म्हणाले, “त्या बायचीबी पोरा हायेत.”

आणि ते खाली उतरले. ती त्यांच्या मागे धावली.

बैठ्या घरांपुढे अर्धी कॉलनी जमली होती. यशोदाबाईंची भांडी बाहेर आली होती. त्या उंबऱ्यात उभ्या राहून सांगत होत्या, की पाळणा मी बघितलासुद्धा नाही, माझ्या पोरी झोळीत वाढल्या. कुणी त्यांच्या अंगावर गेलं नव्हतं. सगळे फोनकडे बोट दाखवत होते. सुलभाताई रडत होत्या, आणि बाई, निदान कबूल तरी कर, असं यशोदाबाईंना विनवत होत्या.

आबा वाट काढत पुढे गेले आणि यतीनसमोर उभे राहिले. “त्यो पालना माजा हाय,” ते म्हणाले. “माज्या होडीच्या फल्या हायेत त्या. औषध मीच चोपडलेला. हिला सोरा.”

यतीनने फोन आबांच्या छातीशी धरला, सदऱ्याला टेकवून. मग बाहीला. मग तळहाताला, ज्या हातांनी तो पाळणा केला होता. पडद्यावर काहीच आलं नाही. त्याने शेजारच्याला दाखवलं, शेजारच्याने सुलभाताईंना.

“अहो आबा, तुमच्या घराला तर वासच नाही,” सुलभाताई हळुवारपणे म्हणाल्या. “मी स्वतः बघितलंय.”

आबा पुन्हा तेच म्हणाले. पाळण्याच्या तळाला उजव्या कोपऱ्यात खिळ्याऐवजी लाकडी खुंटी आहे, ते सांगू लागले. कुणीतरी चुकचुकलं. म्हाताऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की यंत्राच्या, असा प्रश्न तिथे कुणालाच पडला नव्हता. फक्त यतीन अजून त्यांच्याकडे बघत होता. लेकीला मूठमाती देऊन आलेला तो माणूस खरं काय ते शोधत होता, आणि त्याला एवढं कळत होतं की या म्हाताऱ्याला खोटं बोलून काही मिळायचं नाही. तो हेमांगीकडे वळला.

“हे तुमचे वडील ना? आणि ॲपही तुमचंच. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानेन.”

यशोदाबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या मागे दोन्ही मुली दाराला धरून उभ्या होत्या. हेमांगीला बोलायचं होतं, हे मी तिच्या बाजूने सांगतो. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ते बाहेर पडले तेव्हा वेगळेच होते.

“आबांचं वय झालंय,” ती म्हणाली. “गाव गेल्यापासून त्यांना काहीही आपलंच वाटतं.”

यतीनने मान डोलावली. आबांनी लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. भर बाजारात ओळखीचं वाटलेलं माणूस जवळ गेल्यावर दुसरंच निघावं, तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

“ती सांगतं त्येच खरा असंल,” ते म्हणाले.

सुलभाताईंनी डोळे पुसून त्यांचा हात धरला आणि चला, ऊन लागेल, म्हणत त्यांना घराकडे नेलं. लोकांनी बाजूला होऊन वाट करून दिली, आणि मग सगळे पुन्हा यशोदाबाईंच्या दाराकडे वळले.